उजवीकडचा उजेड

“...मग सही करायला तुमचा हात का अडतो, एवढंच सांगा!”

कृत्तिकाचा आवाज चढला, तसे वखारीतले दोघे सुतार एकदम कामाला लागले. दुसऱ्याचं भांडण नीट ऐकायचं असलं, की माणूस असाच मान खाली घालून कामाला लागतो.

गोदाक्का लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या होत्या. मांडीवर तो कागद. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर भुसा.

“अडत नाही,” त्या म्हणाल्या. “मी अडवलाय.”

“का?”

“हात माझा आहे म्हणून.”

“अक्का, काम वेळेत झालं. एक फळी वाया गेली नाही. नसीमाभाभींनी उद्घाटनाला सगळ्यांसमोर मला मिठी मारली. तुम्ही तिथंच होता. तुमच्या डोळ्यांदेखत!”

“होते की.”

“मग?”

“मग काय... मिठी तिनं मारली आणि सही माझ्याकडं मागतीस. तिच्याकडंच जा की.”

एक सुतार फिस्सकन हसला. कृत्तिकाने तिकडे असं पाहिलं, की त्याचा रंधा जागच्या जागी थिजला.

कृत्तिका दुसाने म्हणजे ऐरीगैरी पोर नव्हे. पुण्यात इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. दरवर्षी पहिली येत होती, आणि आपण पहिल्या येतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. नाक सरळ, मान सरळ, कागदावरची रेघ त्याहून सरळ. शिक्षक तिच्या टेबलापाशी यायचे ते शिकवायला नव्हे, बघायला.

इंटर्नशिपसाठी बाकीची मुलं मुंबईच्या काचेच्या ऑफिसांत गेली. ही मुद्दाम सांगलीला आली. कारण गोदाक्का एका वेळी एकच विद्यार्थी घेत, आणि नको म्हणायला त्यांना कारण लागत नसे. अशा ठिकाणी आपल्याला हो म्हणावं, यातच तिचा निम्मा मान होता.

आणि गोदाक्का?

कॉलेजची पायरी त्यांनी पाहिली नव्हती. नवरा गेला, तेव्हा दीर वखार विकायला निघाले. अक्कांनी वखारीच्या दारात बाज टाकली, तिच्यावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, विका आता. मोडक्या खुर्च्या खोलून खोलून त्या खुर्ची शिकल्या. लोकांच्या लग्नाकार्यात राबता राबता घर शिकल्या. आता सांगली-कोल्हापुरात कुणाला घर आतून मनासारखं करून हवं असलं, की आधी अक्कांच्या ओंडक्यापुढे येऊन उभं राहावं लागे. पदवीवाले त्यांना मॅडम म्हणत. “मॅडम शाळेत असते,” त्या म्हणत. “मी अक्का.”

त्यांची एक रीत होती. इंटर्नशिपचं शेवटचं काम विद्यार्थ्याचं एकट्याचं. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याचं, रचना त्याची, कागद त्याचा. वस्तू उभी राहीपर्यंत अक्का त्या कागदाकडे ढुंकून बघत नसत.

“मी बोट ठेवलं की ते माझं होतं,” त्या म्हणत. “ढासळलं तर ढासळू दे. लाज मी निस्तरीन.”

कृत्तिकाच्या वाट्याला नसीमा तांबोळीची खोली आली. लग्नाच्या ब्लाउजांवर आरीच्या सुईनं मणी आणि जर भरणारी ही बाई. तिचं नाव मिरजेपर्यंत. पण आजवर ती घरात पलंगाच्या कडेला बसून भरायची. आता तिने स्वतःची खोली घेतली होती, एका खिडकीची, आणि तिला हवं होतं एक कामाचं टेबल. कापड ताणलेली चौकट टेकायला, मणी-दोरे ठेवायला, दिवसभर मान मोडून बसायला.

टेबल झालं. देखणं झालं. आता फक्त इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही राहिली होती. दाखला उद्या सकाळी कॉलेजात पोचला नाही, तर ही इंटर्नशिप धरली जाणार नव्हती. सगळं सत्र पुन्हा. कृत्तिकाची बॅग भरून वखारीच्या दाराशी तयार होती.

“हे वाक्य कुणी लिहिलं?” अक्कांनी कागदावर नख टेकवलं.

“मीच. तुम्हीच म्हणालात ना, तुला काय हवं ते लिहून आण?”

“वाच.”

“तुम्ही वाचलंय.”

“मोठ्यानं वाच. मिस्त्रींनाही ऐकू दे. कान लांब करून दमलेत बिचारे.”

कृत्तिकाने मान आणखी ताठ केली. “‘वापरणाऱ्या व्यक्तीच्या बारीक निरीक्षणातून कृत्तिका दुसाने हिने ही रचना स्वतंत्रपणे केली.’”

“निरीक्षण.”

“हो.”

“कशाचं?”

“भाभींच्या हाताचं. त्या डावखुऱ्या आहेत.”

“कधी बघितलंस?”





वखारीतला अगदी पहिला धडा उजेडाचा होता. बारीक काम करणाऱ्या माणसाला उजेड डावीकडून हवा, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्या माणसाचं याच्या उलट. नसीमाच्या नव्या टेबलाला उजेड उजवीकडून येत होता.

उद्घाटनाच्या दिवशी नसीमा त्या टेबलाशी पहिल्यांदा बसली. डाव्या हातात तिने आरीची सुई धरली, चार टाके घातले... आणि तिचे डोळे वाहायला लागले.

“आयुष्यभर स्वतःच्याच हाताच्या सावलीत भरत आले,” ती म्हणाली. “लहानपणी अम्मीनं हा हात ओढणीनं बांधून ठेवला होता. उस्तादांनी छडीनं फोडला. माझ्या हाताला काय पाहिजे, ते कधी कुणी बघितलं नाही. आणि या पोरीनं... न विचारता ओळखलं!”

मग ती मिठी.

लोक टाळ्या वाजवत होते. कृत्तिका नसीमाच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती. क्षणभरच. आपली खिडकी भलत्या बाजूला कशी, या कोड्यात तिचा चेहरा पडला होता. मग टाळ्या वाढल्या, तसा तो चेहरा सावरला. हसला. कौतुक अंग चोरून घ्यावं, असं तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

त्या क्षणी अक्का कुणीकडे बघत होत्या, हे तिला आत्ता कळलं. या ओंडक्यापुढे उभं राहिल्यावर.

“कधी बघितलंस गं?” अक्कांनी परत विचारलं. आवाज चढला नव्हता. तेच वाईट होतं.

“...नाही बघितलं.”

रंधे थांबले.

“मग?”

“कॉम्प्युटरवर मी बरोबरच काढलं होतं. टेबल या भिंतीला, खिडकी डावीकडे. मग म्हटलं, समोरच्या भिंतीला लावलं तर कसं दिसेल... म्हणून सगळं आरशातल्यासारखं उलटं करून बघितलं. परत फिरवायचं राहून गेलं. आणि तेच छापून मिस्त्रींकडे गेलं. त्यांनी कागदावर होतं तसंच केलं.”

“म्हणजे चूक.”

“...चूक.”

“ती बरोबर आली.”

“हो.”

“आणि तू ती घेतलीस.”

 आता अक्का फाडून खाणार, म्हणून कृत्तिका पाय रोवून उभी राहिली. रडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

अक्कांनी चष्मा काढला. पदराने त्याच्यावरचा भुसा पुसला.

“मी तिच्याकडं चहा प्याले,” त्या म्हणाल्या. “जाईन तेव्हा प्याले. कप कुठल्या हातानं पुढं आला, मी बघितलं नाही. मी! घर कसं बघायचं ते जगाला शिकवते म्हणून छाती काढून हिंडते... आणि बाईचा हात बघितला नाही.”

हे त्या कुणाला सांगत होत्या, कळेना. पण कृत्तिकाला फट दिसली, आणि ती फटीत घुसली.

“म्हणजे तुम्हीही हुकलात!”

“हुकले.”

“मग राग माझ्या एकटीवर कशाला?”

“तुझ्यावर कोण रागावलंय? स्वतःला फार समजतीस.” अक्कांनी चष्मा परत चढवला. “इथून बरोबर वस्तू जाते. कधी चुकलेली जाते, मग मी ती परत आणते, सगळ्या गावासमोर आणते. पण चुकून बरोबर झालेली वस्तू माझ्या वखारीतून कधी गेली नव्हती. तिला परत आणायचं कसं, मला ठाऊक नाही. त्याचा राग आहे.”

“परत आणायचीच कशाला? भाभींच्या कामावर सावली पडत नाही. संपलं! मी बघून केलं का न बघता केलं, ते त्या सुईला काय कळतंय?”

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. नखशिखांत पाहिलं. इतक्या महिन्यांत असं त्यांनी पाहिलं नव्हतं.

“बोलतीस झकास,” त्या म्हणाल्या. “पेन दे.”

कृत्तिकाने पेन दिलं.

अक्कांनी कागद ओंडक्यावर ठेवला आणि ठसठशीत अक्षरांत सही केली. गोदावरी सुतार. सही करताना त्यांची जीभ दातांत असायची, तशी आताही होती. मग कागद तिच्या हातात दिला.

कृत्तिका बघतच राहिली. ज्याच्यासाठी मघापासून घसा कोरडा केला, ते हातात आलं होतं.

“इथे तारीख राहिली,” ती म्हणाली.

“ती तू घाल.”

“आजची?”

“ते वाक्य ज्या दिवशी खरं झालं, त्या दिवसाची.”

...

आता खरं तर प्रश्नच नव्हता. पेन तिचं, कागद तिचा, दारात बॅग. आजची तारीख घातली असती तर कुणी विचारायला येणार नव्हतं. गोदाक्का तर नाहीच. त्या उठून फळीवर हात फिरवत होत्या, जणू ही पोर केव्हाच पुण्याला पोचली.

पण मानी माणसाचं एक असतं. नुसतं जिंकून त्याचं भागत नाही. समोरच्याने ते तोंडाने कबूल करायला हवं असतं.

“खरंच आहे ते वाक्य!” कृत्तिका ओरडली. “सुरुवात चुकून झाली असेल. पण आज त्या खोलीत जे आहे ते बरोबर आहे. चला. आत्ता माझ्याबरोबर चला. भाभींना काम करताना बघा, आणि मग तुम्हीच सांगा तारीख कुठली घालू!”

“तुझी बस?”

“पुढच्या बसने जाईन.”

“चल की मग.” अक्का चपला शोधायला लागल्या. “मिस्त्री, तमाशा संपला. हात चालवा आता.”

रस्त्याने कृत्तिका पुढे, अक्का मागे. कृत्तिका अशी चालत होती, की जणू चोर पकडून चौकीवर निघाली आहे.

“जरा हळू,” मागून अक्का म्हणाल्या. “खरं कुठं पळून जात नाही. माझा गुडघा मात्र जाईल.”

कृत्तिका थांबली. अक्का जवळ येईपर्यंत तोंड फिरवून उभी राहिली. मग त्यांची पिशवी स्वतःकडे घेतली, पण रागानेच घेतली.

नसीमाची खोली बोळाच्या टोकाला होती. दार उघडं, अर्ध्या दारावर पडदा. दारातून टेबल कडेने दिसत होतं. नसीमा पाठमोरी नव्हे, दाराला कूस करून बसली होती, आणि चौकटीवर गर्द लाल कापड ताणलेलं होतं. कुणा नवरीचं.

कृत्तिका हाक मारणार, तोच अक्कांनी तिचं मनगट धरलं.

“थांब.”

“का?”

“हाक मारलीस की ती तुझ्यासाठी काम करील. आत्ता स्वतःसाठी करतीय.”

त्या दोघी पडद्याआड उभ्या राहिल्या.

उजेड उजवीकडून येत होता. नसीमाचा डावा हात कापडावर चालत होता, आणि सुईच्या टोकापाशी सावलीचा ठिपकासुद्धा नव्हता. उजवा हात चौकटीखाली, दोरा पुरवत. सुई खाली जायची, दोरा घेऊन वर यायची, मणी बसायचा. खाली, वर, मणी. नसीमा काहीतरी गुणगुणत होती.

 हे मी केलं, असं कृत्तिकाच्या मनात आलं, आणि त्यात खोटं काही तिला दिसेना. तिने अक्कांकडे वळून भुवया उडवल्या. बघा!

अक्का बघतच होत्या.

दोरा संपला.

नसीमाने सुई टेकवली. चौकटीखालचा उजवा हात बाहेर काढला, छातीवरून आडवा डावीकडे नेला, डावीकडचा खण उघडला, कात्री घेतली. नेताना कोपर मण्यांना घासू नये म्हणून तो वर उचलून धरला. परत तसाच आडवा आणला. उजव्या हातानेच दोरा कापला. मग कात्री पुन्हा तशीच आडवी जाऊन खणात.

नवा दोरा. खाली, वर, मणी.

कृत्तिकाच्या भुवया तिथेच अडकल्या.

तो कात्रीचा खण तिचा फार लाडका होता. आतून मखमल, कात्रीच्या आकाराची खोबण, बोट लावलं की उघडणारा. त्याचे फोटो तिने मैत्रिणींना पाठवले होते. मूळ कागदावर तो उजव्या हाताशी होता. उलटं झालं, तेव्हा तोही डावीकडे गेला. डावखुऱ्या बाईला डावीकडे, म्हणजे बरोबरच. असं तिने नंतर स्वतःला समजावलं होतं.

पुन्हा दोरा संपला. पुन्हा तो हात बाहेर, आडवा, कोपर वर.

“कात्री उजव्या हातात,” कृत्तिका पुटपुटली. “सुई डाव्या हातात आणि कात्री उजव्या...”

तिने स्वतःचीच दोन बोटं हवेत कात्रीसारखी हलवून बघितली.

“कात्र्या उजव्या हातासाठीच असतात ना... लहानपणापासून तसंच कापत आल्या असणार. त्या पूर्ण डाव्या नाहीतच. हातात काय आहे, त्यावर आहे.” तिचा आवाज अगदी खाली आला होता. “आरशात उलटं केलं की डावखुरा माणूस होत नाही.”

आत नसीमाने गुणगुणणं थांबवलं. उजवा खांदा डाव्या हाताने दाबला. मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. आणि परत कामाला लागली, गुणगुणत.

“खांदा दुखतोय त्यांचा,” कृत्तिका म्हणाली.

“हं.”

“पण मी विचारलं होतं अक्का! परवाच विचारलं, काही अडतंय का म्हणून.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या... म्हणाल्या, ‘तू माझा हात ओळखलास बेटा. आता काय अडायचंय?’”

...

बोळातून एक सायकल गेली. अक्का भिंतीला टेकल्या. गुडघा चोळत उभ्या राहिल्या. 

कृत्तिकाने दाखला बाहेर काढला. “हा परत घ्या.”

“केलेली सही मी परत घेत नाही.”

“मग मी उद्या देणार नाही तो.”

“तुझं कॉलेज, तुझी बस.”

“सत्र जाईल माझं.”

“जाईल.”

कृत्तिका थांबली. या ‘जाईल’च्या पुढे काहीतरी येईल, असं तिला वाटलं. मी फोन करते, मी बोलते त्यांच्याशी, पोर गुणाची आहे. अक्कांच्या एका फोनवर कॉलेज हललं असतं, हे दोघींनाही माहीत होतं. पण अक्का गुडघाच चोळत होत्या.

“...गेलं तर गेलं,” कृत्तिका म्हणाली.

हे म्हणताना तिचे डोळे भरले होते, पण मान वखारीत होती त्याहून ताठ होती. अक्कांनी गुडघ्यावरचा हात काढला आणि त्याही सरळ उभ्या राहिल्या.

“आता काय करतीस?”

“आत जाते. खरं सांगते. सगळं चुकून झालं होतं, मी तुमचा हात बघितलाच नव्हता, असं सांगते. सगळ्यांसमोर मिठी घेतली, तर सगळ्यांसमोर सांगते. बोळातल्या बायकांना बोलावून सांगते!”

“सांग की.”

“सांगतेच.”

“तू मोकळी होशील,” अक्का म्हणाल्या. “तिची कात्री तिथंच राहील.”

पडद्याकडे गेलेला कृत्तिकाचा हात तसाच राहिला.

“म्हणजे सांगू नको?”

“मी कुठं म्हटलं?”

“मग सांगू?”

अक्कांनी आभाळाकडे बघितलं, जणू हा प्रश्न तिकडचा होता.

“अक्का, काहीतरी एक बोला ना!” कृत्तिका दबक्या आवाजात भांडायला लागली. दबक्या आवाजात भांडायला फार ताकद लागते.  “सांगावं तर... आयुष्यात एकदा कुणीतरी त्यांच्या हाताकडे बघितलं, असं त्यांना वाटलंय, तेही मी काढून घेणार. न सांगावं तर मी खोटी. तुम्ही मला त्या चुकीतून बाहेर काढलंत आणि या दारात आणून उभं केलंत. आता पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही!”

“मी आणलं? ओढत तर तू आणलंस मला.”

“चेष्टा करू नका!”

“करत नाही. माझाही पाय या दारात अडकलाय. चहा मी प्याले होते.”

आतली गुणगुण थांबली. चौकट टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

“कोण आहे?” नसीमाने विचारलं. “कृत्तिका? बेटा, तूच आहेस ना? आवाज ओळखला मी! ये की आत, बाहेर का?”

कृत्तिकाने अक्कांचा पदर धरला. पडदा हलला. नसीमा उठून येत होती, तिची पावलं ऐकू येत होती.

“अक्का...” ती कुजबुजली. “काय म्हणून आले म्हणू मी?”

गोदाक्कांनी कमरेला खोचलेली टेप काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं त्यावर मिटली.

“म्हण, मापं घ्यायला आलेय.”